आरोपीचे वकीलपत्र

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांची यादी छापावयाची असे संपादक मंडळाने ठरविले आणि ती तयार करण्याचे काम इतिहासाचे शिक्षक म्हणून आमच्याकडे आले. वसतिगृहाच्या जुन्या नोंदवह्या, दाखल्यांची पुस्तके आणि पालकांचे फोन यांतून दोन महिन्यांत ती यादी उभी राहिली. शिक्षक, परिचारिका, तलाठी, एस.टी.चे वाहक, बँकेतील कर्मचारी, लष्करातील जवान अशी सदरे पडली. वकिलांच्या सदराखाली मोजकीच नावे होती. त्यांतील एका नावावर आम्ही आमच्या हाताने, लाल शाईने, फुली मारली होती. हा लेख त्या फुलीविषयी आहे.

त्या मुलाचे नाव येथे घेत नाही. ते यादीत आहेच. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून तो पाचवीत आपल्याकडे आला. वडील शिनोलीच्या बाजारात मजुरी शोधत फिरत. सायंकाळच्या वंदनेनंतर सगळी मुले जेवणाकडे पळत, तेव्हा हा थांबून शंका विचारीत असे. पुढे पुण्यास शिकला, सनद घेतली, आणि गेली काही वर्षे फौजदारी वकिली करतो. मंचर-घोडेगावच्या भागात आपल्या माणसांची जामिनाची, मारहाणीची, बांधाच्या भांडणाची कामे तो पुष्कळदा फी न घेता चालवितो. सर्वांना त्याचा अभिमान होता.

मग एका खटल्याने तो अभिमान पार उतरला. शेजारच्या तालुक्यात आपल्या समाजाच्या एका कुटुंबास बांधावरून मारहाण झाली, जातीवाचक शिवीगाळ झाली, अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपी सवर्ण, पण एकरभर कोरडवाहू जमिनीचा धनी. त्याला वकील देण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो कोठडीत असताना विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतून त्याला वकील नेमण्यात आला. तो वकील म्हणजे आमचा हा विद्यार्थी. त्याने नेमणूक नाकारली नाही. इतकेच करून तो थांबला असता तरी लोकांनी कदाचित सोडून दिले असते. पण त्याने तो खटला मन लावून चालविला. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. येथे प्रत्यक्ष तपास, जबाब, पंचनामे सारे खालच्या अंमलदाराने केले होते. त्याने तेवढे एक बोट ठेवले. अॅट्रॉसिटीच्या कलमांतून आरोपी सुटला. साध्या मारहाणीबद्दल दंड भरून घरी गेला.

आमच्या विहारात त्या रविवारी जे बोलले गेले ते येथे लिहिण्याजोगे नाही. आम्हीही त्या बैठकीत होतो. कोणी म्हणाले, समाजाच्या भाकरीवर शिकला आणि समाजावर उलटला. आम्ही गप्प राहिलो, आणि घरी येऊन यादीवर फुली मारली.

वर्षावासातील एका पौर्णिमेच्या कार्यक्रमास तो आला. कार्यक्रम संपल्यावर पाऊस लागला आणि एस.टी. उशिरा असल्याने तो आमच्यासोबत व्हरांड्यात अडकला. आम्ही विचारले नाही, पण त्याने ओळखले. "सर, तुम्हीही रागावलात ना?" एवढे म्हणून तो बोलू लागला. त्या दीड-दोन तासांत त्याने जे सांगितले ते आम्ही मनात अनेक महिने घोळविले आहे.

तो म्हणाला, बाहेरच्या माणसाला वाटते की आरोपीचा वकील खटला पाडतो. बहुतेक खटले न्यायालयात येण्यापूर्वीच पडलेले असतात; आम्ही फक्त ते कोठे पडले आहेत ते दाखवितो. फिर्याद तीन दिवसांनी नोंदलेली असते आणि उशीर का झाला हे कोणी लिहिलेले नसते. जातीचा दाखला कागदपत्रांत लावलेला नसतो. पंच म्हणून नेहमीचाच माणूस असतो. तो कधी घटनास्थळी गेलेलाच नसतो आणि उलटतपासणीत पहिल्या प्रश्नालाच तसे सांगून मोकळा होतो. फितूर साक्षीदाराला लोक नावे ठेवतात, पण साक्षीदाराला त्याच गावात ऊस तोडायचा असतो, त्याच विहिरीवरून पाणी आणायचे असते, आणि खटला उभा राहीपर्यंत चार-पाच वर्षे उलटलेली असतात. मी त्या दिवशी गप्प राहिलो असतो तर वरच्या न्यायालयात दुसऱ्या कोणी तोच मुद्दा काढला असता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच तसा निर्णय दिला आहे. उलट मी बोललो म्हणून पुढच्या वेळी तपास नीट होण्याची शक्यता तरी आहे.

हे शेवटचे वाक्य आम्हास तेव्हा पटले नाही, आणि आजही पूर्णपणे पटत नाही. ज्याच्या घरातील माणसाचे डोके फुटले त्याला पुढच्या वेळच्या तपासाचे काय? आम्ही तसे बोललो. मग आमच्या मनातला खरा प्रश्न आम्ही विचारला : "त्या बाईला उलटतपासणीत काय विचारलेस?" तो बराच वेळ पावसाकडे पाहत राहिला. "अंतर विचारले, वेळ विचारली, उजेड किती होता ते विचारले. खोटी केस केलीस, असे विचारले नाही." आम्ही म्हणालो, म्हणजे तू तुझ्या अशिलाशी पूर्ण प्रामाणिक राहिला नाहीस. तो म्हणाला, "सर, या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे." शिक्षकाला विद्यार्थ्याकडून मिळालेले इतके प्रामाणिक उत्तर आम्हास फारसे आठवत नाही.

त्या रात्री आम्ही पुन्हा बाबासाहेबांच्या चरित्राकडे वळलो. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून पूजतो, अर्थशास्त्रज्ञ म्हणून आता थोडे वाचू लागलो आहोत. पण ते पोट भरण्यासाठी वकिली करीत होते, आणि त्यांतील कित्येक खटल्यांत ते आरोपीच्या बाजूने उभे होते, हे आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू करताना सनदेचे पैसेसुद्धा त्यांना नवल भथेना या पारशी मित्राकडून घ्यावे लागले. अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर मंडळी कामे देत नसत. मग जी कामे येत ती मुफसलातली, गरिबांची, किंवा ज्यांना हात लावण्यास इतर धजत नसत अशी.

अशांतले एक आपल्या पुण्यातलेच. दिनकरराव जवळकर यांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेबद्दल जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे, प्रस्तावना लिहिणारे बागडे वकील आणि मुद्रक यांच्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद झाली. पुस्तिकेत लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या दिवंगतांवर जहाल शब्दांत टीका होती. खालच्या न्यायालयाने कैदेच्या शिक्षा सुनावल्या. १९२६ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातील अपिलात बाबासाहेब उभे राहिले. विरुद्ध बाजूस पुण्याचे नामांकित वकील ल. ब. भोपटकर होते. सर्व आरोपी सुटले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि येथेच थांबतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढे जाऊन विचारावयास हवे की सुटले ते कशावर? टीका खरी होती, असे सिद्ध करून नव्हे. मृत व्यक्तीच्या बदनामीबद्दल दंड संहिता जवळच्या नातलगांच्या भावनांचा विचार करते, आणि फिर्याद करणारा माणूस कायद्याच्या अर्थाने 'बाधित' असावा लागतो. येथे फिर्यादीचे नाते लांबचे, सबब त्याला फिर्यादीचा हक्कच नाही, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे ज्याला आमच्या विहारातील मंडळी 'तांत्रिक मुद्दा' म्हणून नाक मुरडत होती, तसाच एक मुद्दा. त्या वेळी पुण्यात ज्यांच्या भावना दुखावल्या होत्या त्यांनीही आमच्यासारखेच म्हटले असेल की कायद्याच्या फटीतून सुटले. हे वाक्य लिहिताना हात अडखळला, पण ते लिहिणे भाग आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९२७ मध्ये, फिलिप स्प्रॅट या इंग्रज साम्यवाद्यावर एका पुस्तिकेवरून राजद्रोहाचा खटला झाला. त्यातही बाबासाहेब बचावाच्या बाजूने होते आणि स्प्रॅट निर्दोष सुटला. साम्यवादाशी बाबासाहेबांचे किती आणि कसे मतभेद होते हे आपणांस ठाऊक आहे. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा त्या वेळी सुशिक्षित पुणे-मुंबईलाही नकोसा झाला होता. बाबासाहेबांनी त्याचा बचाव केला, आणि ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आमच्या मते बाबासाहेबांच्या वकिलीतील हा पराभव त्यांच्या कित्येक विजयांहून मोलाचा आहे, कारण त्यात टाळ्या मिळण्याची काडीचीही शक्यता नव्हती.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे सारे आरोपी सत्तेविरुद्ध किंवा सनातन्यांविरुद्ध उभे होते; आपल्या माणसाला मारणाऱ्याची गोष्ट निराळी. हा आक्षेप पोकळ नाही. म्हणून आम्ही आपल्याच काळातली उदाहरणे घेतो.

जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ जून २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला. खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा अतिशय भयंकर होता, त्यात शंका नाही. भटक्या जमातीतील सहा माणसे पकडली गेली. जालन्याच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरविली. देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाचा शेवटचा शब्द झाला होता. तरीही काही वकील त्या कागदांपाशी बसून राहिले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चार माणसांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे कागदांतच होते. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला, तपासावर कडक ताशेरे ओढले. तोवर पंधरा-सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ही माणसे जन्माने गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातींची वारस. १८७१ चा तो कायदा रद्द झाला, पण पोलीस पाटलाच्या डोक्यातून गेला काय? त्यांच्या बाजूने उभे राहणे हे २००९ नंतर कोणाला शोभेसे वाटले असते?

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक दुखरे. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात नगरच्या न्यायालयातून एका आठवड्याच्या अंतराने दोन निकाल बाहेर पडले. २३ तारखेस खर्डा येथील आपल्या शाळकरी मुलाच्या हत्येतील आरोपी सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. २९ तारखेस कोपर्डीच्या मुलीवरील अत्याचार व हत्येबद्दल तिघांना फाशी सुनावली गेली. ते तिघे आपल्या समाजाचे होते. कोपर्डीतील क्रौर्याला क्षमा नाही, आणि त्या मुलीच्या आईवडिलांपुढे आम्ही मान खालीच घालू. पण खर्ड्याच्या घरातही एक आई होती. त्या आठवड्यात वर्गात शिकविताना आमचा आवाज लागत नव्हता. कोपर्डीच्या आरोपींचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा रेटा तेव्हा सगळीकडून होता. आणि आम्ही, जे आज आपल्या मुलाने सवर्ण आरोपीचे वकीलपत्र घेतले म्हणून चिडलो, तेव्हा म्हणत होतो की आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. तत्त्व दोन्ही वेळी एकच होते. बदलली ती आमची बाजू. बार असोसिएशननेही अमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये असे ठराव करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. विहाराची बैठक बार असोसिएशनपेक्षा वेगळी कशी?

खैरलांजीचेही पुन्हा आठवले. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातील चौघांना मारले गेले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. पण अॅट्रॉसिटीचा आरोप कोठेच टिकला नाही. आमचा विद्यार्थी म्हणतो त्यातले निम्मे तरी येथे खरे आहे, असे आता मान्य करावे लागते. आरोपीच्या वकिलावर दात खाण्यात आपण जेवढी शक्ती घालवितो तेवढी आपण पहिल्या चोवीस तासांच्या फिर्यादीवर, जातीच्या दाखल्यावर, तपासी अधिकाऱ्याच्या दर्जावर घातली असती तर? आपल्या किती विहारांत १९९५ च्या नियमांची एक मराठी प्रत आहे?

आपला भाग या गोष्टीला नवखा नाही. शिनोलीहून वर डोंगराकडे पाहिले की ज्या वाड्या दिसतात त्यांच्याही पलीकडे जांभोरी आहे. १८७३ मध्ये तेथील होन्या भागोजी केंगले या महादेव कोळ्याने सावकारांविरुद्ध बंड केले. १८७६ मध्ये तो पकडला गेला. दरम्यान १८७५ मध्ये सुप्यापासून दख्खनचा दंगा पेटला. त्या दंग्याची चौकशी झाली, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. सावकार दिवाणी न्यायालयात दावा लावी, कुणबी किंवा कोळी हजर होत नसे, वकील देत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जाई. कागदोपत्री सगळे कायदेशीर होते. १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा त्यानंतरचा. लोक होन्याने सावकारांची नाके कापली ते सांगतात. ती नाके कापली जाण्यापूर्वी किती हुकूमनामे वकिलावाचून झाले, हे आम्ही नववीच्या वर्गात सांगतो. मुले नाकाच्याच गोष्टीवर थांबतात, त्याला इलाज नाही.

आणि बौद्ध म्हणून आपल्याला हे कोणा पाश्चात्य न्यायशास्त्राकडून शिकण्याची गरज नव्हती. विनयपिटकातील चुल्लवग्गात संघाने भिक्खूवर कारवाई कशी करावी याचे नियम आहेत : तो समोर असावा, त्याला विचारलेले असावे, त्याच्या कबुलीवर ती आधारलेली असावी, गैरहजेरीत, न विचारता केलेली कारवाई धम्माला धरून नाही. दब्ब मल्लपुत्त या अर्हतावर खोटा आळ आला तेव्हा खुद्द तथागतांनीही परस्पर निकाल दिला नाही. आधी त्यालाच विचारले, असे केल्याचे तुला आठवते काय? जुन्नरच्या लेण्यांत दर पौर्णिमेस उपोसथ होत असतील तेव्हा हेच नियम तेथे सांगितले जात असणार. आमच्या रविवारच्या बैठकीत तो मुलगा समोर नव्हता, त्याला कोणी विचारलेही नव्हते.

भारताच्या संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. हा अनुच्छेद बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडला. मूळ मसुद्यातील जीवित व स्वातंत्र्याच्या कलमावर कडाडून टीका झाली होती, आणि गेलेले काही अंशी भरून काढण्यासाठी आपण हे आणीत आहोत, हे त्यांनी सभागृहात मोकळेपणाने सांगितले. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. कोणत्याही कारागृहाच्या दारात भेटीच्या दिवशी उभे राहावे. रांगेत कोणत्या वस्त्यांतील आया-बहिणी असतात हे दिसते. त्या रांगेला वकील हवा आहे. आणि जो वकील फक्त आपल्याच माणसांचे काम घेतो, त्याच्या शब्दाला न्यायाधीशापुढे किती वजन उरते?

तरीही आमची एक तक्रार शिल्लक आहे, आणि ती आम्ही त्या मुलालाही सांगितली. बचाव हा हक्क आहे, पण तो सर्वांना सारखा मिळत नाही. बागायतदाराच्या मुलाला मुंबईहून वकील येतो. आपल्या फिर्यादीला मिळतो तो कामाच्या ओझ्याखाली दबलेला सरकारी वकील, ज्याला सुनावणीच्या सकाळी फिर्यादीचे नावही आठवत नाही. अशा तराजूत आमच्या हुशार मुलाने आपले वजन दुसऱ्या पारड्यात टाकले, याचे दुःख खोटे नव्हते. त्यावर तो एवढेच म्हणाला, "सर, त्यांनाही चांगला वकील मिळवून द्या."

हे ऐकून आधी राग आला. मग आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो. अनुसूचित जातीच्या माणसाला १९८७ च्या कायद्याने उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि अॅट्रॉसिटीच्या निकालावर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. आम्हीही नाही, जे सभांत भाषणे करतो. मुदतीचे अठरा दिवस उरले होते. कागद गोळा करण्यातच बारा गेले. अपील दाखल झाले आहे. मुंबईच्या एका तरुण वकीलबाई ते पाहत आहेत. समोरच्या बाजूने पुन्हा आमचाच विद्यार्थी मुंबईच्या ज्येष्ठ वकिलांना मदत करणार आहे, असे कळते. त्या कुटुंबातील बाईंनी आम्हास विचारले, "गुरुजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?" आम्ही त्यांना उत्तर देऊ शकलो नाही; चहा मात्र त्यांनी दिला.

यादीचे मुद्रित तपासण्यासाठी आले तेव्हा वकिलांच्या सदरात ते नाव नव्हते, कारण जुळणी करणाऱ्याने आमची फुली पाळली होती. आम्ही समासात ते पुन्हा लिहून दिले. मंडळातील दोघांनी हरकत नोंदविली आहे आणि ती इतिवृत्तात तशीच आहे.